विश्लेषण : कोकण किनारी कायमचे राहायला जाताय? आधी एक पावसाळा काढा!

गुहागर, दापोली, श्रीवर्धन किंवा मालवणच्या किनाऱ्यावर डिसेंबरमध्ये चार दिवस राहून आलेल्या माणसाला परतीच्या गाडीत एक विचार हमखास सतावतो : मुंबई-पुण्याचा फ्लॅट विकावा आणि इथेच येऊन राहावे. माणसे मोकळी आहेत, दारातून समुद्र दिसतो, मासळी ताजी मिळते, हवा स्वच्छ आहे. काही जण हा विचार अमलातही आणतात. निवृत्त दाम्पत्ये, घरून काम करणारे तरुण, गावचे जुने घर पुन्हा उघडू पाहणारे चाकरमानी असे सगळेच त्यात असतात. मात्र डिसेंबरचे कोकण आणि जुलैचे कोकण ही जवळपास दोन वेगळी गावे आहेत, आणि कायम राहणाऱ्याला दोन्हींत राहावे लागते.

गावे रिकामी, मग घरे कोणाला हवीत?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे राज्यातले असे जिल्हे, जिथे २००१ ते २०११ या दशकात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया हे २०११ चे प्रमाण वरवर कौतुकाचे वाटते. प्रत्यक्षात ती कमावत्या पुरुषांच्या गैरहजेरीची नोंद आहे. गिरणगावाच्या काळापासून कोकण मुंबईला माणसे पुरवत आले. मागे उरली ती म्हातारी माणसे, आणि गणपती व शिमग्यापुरती उघडणारी घरे.

अशा गावांत बाहेरून कोणी राहायला येणे ही एरवी आनंदाचीच गोष्ट. प्रश्न असा की, येणाऱ्यांतही पन्नाशी-साठी ओलांडलेलेच अधिक असतात. म्हणजे वाडीत आधीच दहा म्हातारी माणसे, त्यांत आणखी दोघांची भर. रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखू लागले तर गाडी काढणारा हात कोणाचा, हा प्रश्न घर घेताना सहसा कोणी विचारत नाही. समुद्र किती अंतरावर आहे, हे मात्र सगळे विचारतात.

पावसाळ्यात नेमके काय बदलते?

कोकण किनाऱ्यावर वर्षाला सर्वसाधारणपणे अडीच-तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. तो सरळ पडत नाही. वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि पश्चिमेकडची भिंत दिवसेंदिवस भिजत राहते. म्हणूनच जुन्या घरांना खोल पडव्या असतात आणि मे महिन्यात भिंतींच्या बाजूने माडाच्या झावळ्यांची झापे बांधली जातात. शहरातल्या वास्तुविशारदाने काढलेल्या, समुद्राकडे मोठ्या काचा असलेल्या बंगल्यात पहिल्याच पावसात पाणी शिरते ते याच कारणाने. ज्या बाजूने देखावा, त्याच बाजूने झड!

आगोटीची बेगमी हा शब्द शहरात आता ऐकूही येत नाही, किनाऱ्यावर मात्र त्याला अजून अर्थ आहे. कौले शाकारून घ्यायची, सरपण कोरडे करून माळ्यावर टाकायचे, तांदूळ-कडधान्यांना ऊन दाखवायचे, कोकमे-आमसुले भरून ठेवायची, आणि सुके बोंबील, जवळा, सोडे डब्यांत बंद करायचे. कारण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिकी नौकांच्या मासेमारीला बंदी असते. हर्णेच्या बंदरात एरवी संध्याकाळी मासळीच्या लिलावाची झुंबड उडते. त्या दोन महिन्यांत तिथे नाव पाण्यात नसते. ‘रोज ताजी मासळी’ हे स्वप्न घेऊन आलेल्याला जुलैत सुकटीवर आणि अंड्यांवर भागवावे लागते. गावकऱ्यांना मात्र या दिवसांत चढणीचे मासे कुठल्या ओहोळात मिळतात, खाडीत तिसऱ्या कधी काढायच्या, हे ठाऊक असते. हे ज्ञान दुकानात मिळत नाही. शेजाऱ्याकडून मिळते, तेही त्याला तुम्ही आवडलात तर.

वीज हा दुसरा मोठा फरक. झाडे तारांवर पडतात, खाऱ्या हवेने यंत्रणा गंजते, आणि एखाद्या वादळी रात्रीनंतर वीज यायला दोन-तीन दिवसही लागू शकतात. वीज गेली की काही तासांत मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात आणि संपर्कही जातो. घरून काम करणाऱ्याने इन्व्हर्टर, सौर पॅनेल आणि दोन वेगळ्या कंपन्यांची इंटरनेट जोडणी ठेवली तरी आठवड्यातला एखादा दिवस बुडणार हे धरूनच चालावे.

घरातही पावसाळा शिरतो. चामड्याच्या चपला, पुस्तके, गाद्या, कॅमेऱ्याची भिंगे, सगळ्यांवर बुरशी धरते. लोखंडी ग्रिल दोन-तीन वर्षांत सोलवटते, एसीचे बाहेरचे यंत्र त्याहून लवकर दम तोडते. जुन्या माणसांचे म्हणणे असे की, चुलीचा धूर लागलेले घर टिकते आणि कुलूप लागलेले घर वाळवी खाते. वर्षातून सहा आठवडे उघडणाऱ्या ‘सेकंड होम’च्या दुरुस्तीचा खर्च राहत्या घरापेक्षा अधिक का येतो, याचे उत्तर या म्हणण्यात आहे.

चक्रीवादळाची भीती कितपत खरी?

अरबी समुद्रातली वादळे गुजरात किंवा ओमानकडे वळतात, कोकणाला धोका नाही, असा समज अनेक वर्षे होता. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि तो समज उडाला. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा अक्षरशः आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले, अनेक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेले. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला पाच-सात वर्षे जातात. त्यामुळे श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवर जगणाऱ्या कुटुंबांसाठी ते वादळ एका दिवसात संपले नाही.

त्या दिवसांत रस्त्यावर पडलेले माड कोयत्या-करवतीने तोडून वाट मोकळी करणारे पहिले हात वाडीतलेच होते. सरकारी मदत आली, पण नंतर.

किनाऱ्याची धूप हा याहून संथ, पण कायमचा धोका. कर्ली नदीचे मुख आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागला दर पावसाळ्यात उधाणाची चिंता असते. समुद्र ‘दारात’ असणे जाहिरातीत चांगले दिसते. स्थानिक कोळी-गाबीत कुटुंबे सोडली तर जुन्या वस्त्या किनाऱ्यापासून जरा आत, माडांच्या आडोशाला का बसल्या आहेत, याचा विचार मात्र खरेदीआधी करायला हवा.

एवढा पाऊस, तरी मे महिन्यात टँकर का?

सह्याद्री आणि समुद्र यांत अंतर थोडे, उतार तीव्र. नद्या आखूड, पाणी काही तासांत खाडीला मिळते. त्यात सड्यावरचा जांभा दगड सच्छिद्र. पाणी मुरते, पण धरून ठेवले जात नाही. परिणामी फेब्रुवारी सरला की विहिरींचे तळ दिसू लागतात आणि एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. किनाऱ्यालगत विंधन विहीर खोल नेऊन भरमसाट उपसा केला तर खारे पाणी आत सरकते, आणि एकाच्या पंपाने शेजारच्या चार विहिरी मचूळ होतात. बंगल्याच्या पोहण्याच्या तलावावरून गावात पहिली कुरबूर होते ती इथून. छपरावरचे पाणी साठवणारी मोठी टाकी बांधणे हा शहाणपणाचा खर्च. घर बांधतानाच तो केला तर स्वस्त पडतो.

जमीन घेताना कुठे फसगत होते?

सर्वाधिक पैसा आणि मनःस्ताप इथेच जातो. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमातील कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. ‘नंतर बघू, सगळे होते’ असे सांगणारा दलाल प्रत्येक नाक्यावर भेटतो. व्यवहार बेकायदा ठरला तर तो भेटत नाही. ज्याच्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा नाही, त्याने गावठाणातले घर किंवा रीतसर बिगरशेती झालेली जागाच पाहावी.

दुसरी गुंतागुंत खास कोकणी. एकेका सातबाऱ्यावर वीस-तीस नावे, त्यांतली अर्धी हयात नाहीत, उरलेल्यांचे वारस डोंबिवली, विरार, नालासोपारा आणि परदेशात. खोती पद्धत १९४९ च्या कायद्याने संपली, पण तिने निर्माण केलेले गुंते फेरफारांच्या नोंदींत अजून सापडतात. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव किंवा कलम ४३ चा शेरा असेल तर विक्रीला अटी लागू होतात. पोटहिस्से कागदावर पडलेले असतात, जागेवर मोजलेले नसतात. काही ठिकाणी जमीन एकाची आणि तिच्यावरचे आंब्याचे झाड दुसऱ्याचे, असेही असते. एका भावाने आपला हिस्सा विकला म्हणून घेणाऱ्याला घरात पाय ठेवता येतोच असे नाही. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा घेणाऱ्या परक्याला सामायिक ताबा मागता येत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो वाटपाचा दावा, आणि दावा म्हणजे वर्षे.

तिसरे बंधन किनारा नियमन क्षेत्राचे. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात उच्चतम भरतीरेषेपासून दाट वस्तीच्या ठिकाणी ५० मीटर, तर विरळ वस्तीच्या ठिकाणी २०० मीटरपर्यंतचा पट्टा ‘ना विकास क्षेत्र’ ठरतो. जिथे लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक ते दाट, बाकीचे विरळ. कोकणातली बहुतेक किनारी गावे या हिशेबाने विरळच भरतात. खाडीकाठालाही वेगळी मर्यादा असते. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हातात आहे म्हणून ही अट सुटत नाही.

या सगळ्यावरचा उपाय कोणी फारसा सांगत नाही, कारण त्यात कोणाला दलाली मिळत नाही. गावात अकरा महिन्यांच्या करारावर घर भाड्याने घ्यावे, तेही जूनमध्ये सुरू होणाऱ्या करारावर. कोणती विहीर मेमध्ये आटते, कोणत्या पाखाडीवर पावसात पाणी येते, कोणत्या जमिनीवरून दोन घरांत अबोला आहे, हे सगळे वर्षभरात आपोआप कळते.

दवाखाना किती दूर?

किलोमीटरचे उत्तर फसवे आहे. गुहागरहून चिपळूण सुमारे ४५ किलोमीटर, पण वळणाच्या रस्त्याने, पावसात, रात्री, त्याला दीड तास लागू शकतो. किनाऱ्याला समांतर जायचे तर खाड्या आडव्या येतात. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, जयगड-तवसाळ या फेरीबोटींनी दिवसा मोठा वळसा वाचतो. रात्री उशिरा फेरी नसते. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची चर्चा कित्येक दशके चालू आहे, पण सगळ्या खाड्यांवर पूल झालेले नाहीत. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर चालते आणि मुसळधार पावसात गाड्यांचा वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली आणला जातो.

प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ग्रामीण रुग्णालये आहेत, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयेही आहेत. चिपळूणजवळ डेरवणचे आणि सिंधुदुर्गात पडव्याचे रुग्णालय अनेकांना आधार वाटते. तरीही मेंदू किंवा हृदयाची गंभीर तातडी उद्भवली की सिंधुदुर्गातला रुग्ण आजही गोव्यात बांबोळीला नेला जातो. मालवणहून ते अंतर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. विंचू आणि सर्पदंशाबाबत मात्र कोकणाने देशाला काही दिले. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून मृत्यू रोखता येतात हे दाखवले, आणि तेही ग्रामीण भागात काम करताना. नवख्याने आपल्या केंद्रात सर्पदंशावरची लस आहे का, रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का, हे घर ठरवण्याआधी स्वतः जाऊन विचारावे. हृदयविकार किंवा डायलिसिस असेल, तर समुद्राऐवजी तालुक्याच्या गावी राहणे बरे. दापोलीत राहून हर्णेला जाता येतेच.

गाव आपले म्हणते का?

‘येवा, कोकण आपलाच असा’ ही पाटी सगळ्यांना पाठ आहे. त्यात ‘येवा’ आहे, ‘रवा’ नाही, हे सहसा लक्षात येत नाही. पाहुण्याशी कोकणी माणूस मोकळेपणाने वागतो, कारण पाहुणा जाणार असतो. राहायला आलेल्याला तो आधी निरखतो. हा चिकटपणा नव्हे. नाव बुडाली, माड पडला, कोणी दगावले, तर एकमेकांवाचून ज्यांचे चालत नाही, त्यांना नवा माणूस कितपत उपयोगाचा हे पाहावेच लागते.

शिवाय ‘गाव’ म्हणजे एक एकजिनसी गोष्ट नसते. भंडारवाडी, कोळीवाडा, ब्राह्मणआळी, मोहल्ला, बौद्धवाडी अशी ती वाडीवाडीने आणि जातीजातीने वसलेली असते. देवळाचे मान ठरलेले असतात, त्यांवरून तंटेही असतात. येणाऱ्याचे आडनाव विचारले जाते आणि त्यावरून बरेच काही ठरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. वाडीतला कोणता गट आपल्याशी गोड बोलतो यावर न जाता सगळ्यांच्या ओटीवर जाणारा माणूस कालांतराने टिकतो.

संबंध बिघडण्याची कारणे बहुतेक सारखीच असतात. पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट कुंपणाने बंद करणे हे पहिले. सड्यावरून समुद्राकडे जाणारी ती वाट बंद झाली की पाणी भरणाऱ्या बाईला, मासळी विकणाऱ्या कोळणीला अर्धा मैल वळसा पडतो. रात्री उशिरापर्यंत वाजणारा स्पीकर हे दुसरे. घर पर्यटकांना भाड्याने देऊन स्वतः मुंबईला राहणे हे तिसरे. मजुरी वाढवून ठेवणे हे चौथे. आंबा काढायला, झापे बांधायला गडी आधीच मिळत नाहीत. शहरातला माणूस दुप्पट देतो आणि शेजारच्या म्हाताऱ्याची बाग तशीच राहते. जमिनीचे भाव चढल्याने गावातल्याच तरुणाला गावात दोन गुंठे घेणे अवघड होते, ही तक्रार तर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ऐकू येते.

संबंध जुळण्याची वाटही काही गूढ नाही. मयताला जाणे. शिमग्यात पालखी दारात येते तेव्हा घर उघडे असणे. गणपतीतल्या भजनाला बसणे, गाता आले नाही तरी टाळ धरणे. गाडी असेल तर ती अडल्यावेळी देणे. शहरातून आलेल्याकडे गावाला नसलेल्या गोष्टी असतात. अर्ज लिहिता येतात, बँकेचे ऑनलाइन काम जमते, दहावीच्या पोरांना गणित-इंग्रजी शिकवता येते. जो हे न मागता, मिरवता न करतो, त्याच्या पडवीत भाजीची जुडी किंवा चार बांगडे कोणी न सांगता ठेवून जाते. पुढे एखाद्या सकाळी त्याचे दार आठपर्यंत उघडले नाही, तर कोणीतरी हाक मारायला येते.

मालवणजवळच्या आचऱ्यात काही वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की गुराढोरांसह, कोंबड्यांसह सारा गाव वेशीबाहेर तीन दिवस राहोट्या टाकून राहतो. तिथे घर घेतलेल्या बाहेरच्या माणसासमोर तेव्हा सरळ प्रश्न उभा राहतो : कुलूप लावून मुंबईला जायचे, की सगळ्यांबरोबर वेशीबाहेर चूल मांडायची? श्रद्धा असो-नसो, गाव ते लक्षात ठेवते.

कागदोपत्री गावकरी कसे व्हायचे?

मतदार यादीतील नाव जुन्या पत्त्यावरून गावाकडे हलवण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. बहुतेक जण ते टाळतात, शहरातले मत ‘राहू दे’ म्हणून. पण ग्रामसभेचा सदस्य तोच, ज्याचे नाव गावाच्या मतदार यादीत आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. नळपाणी योजना, कचरा, किनाऱ्यावरचे दिवे, पाखाडीची दुरुस्ती हे विषय तिथेच येतात. १५ ऑगस्टच्या सुमारास होणाऱ्या सभेला बाहेर बहुधा पाऊस असतो, बंगल्यांना बहुधा कुलपे असतात, आणि मेमध्ये कोणत्या वाडीला पाणी आधी सोडायचे याचा ठराव हजर असलेल्यांच्या हातवर होतो.